बाईंचा पेन्सिलीचा ठिपका

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी शिरूरच्या टायपिंगच्या बाईंचं नाव सांगतो. आमच्या घरात याचं कोणाला वाईट वाटत नाही. वडील बाजारात हमाली करायचे, आई मजुरीला जायची, आणि माझ्या आधी घरातलं कोणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. मी पुढं काय करावं हे दोघांनाही सांगता यायचं नाही. "बाईंना विचार," एवढंच ते म्हणायचे आणि सुटका झाल्यासारखे जेवायला बसायचे.

बाईंचा क्लास एसटी स्टँडजवळ, सायकलच्या दुकानावरच्या माडीवर होता. आठ मशीनं होती. सहा इंग्रजी, दोन मराठी. जिना चढायला लागलं की वरून खडखडाट ऐकू यायचा आणि मधूनच ओळ संपल्याची घंटी. बाई तेव्हा पन्नाशीच्या असतील. चष्म्याला काळी दोरी, हातात स्टीलची फूटपट्टी. कागद तपासायची त्यांची पद्धत सगळ्या शिरूरला माहीत होती. कागद घेऊन त्या खिडकीकडे जायच्या, उजेडात धरायच्या आणि डाव्या कडेला पट्टी उभी लावायच्या. एखाद्या ओळीचं पहिलं अक्षर पट्टीच्या आत किंवा बाहेर गेलेलं दिसलं की कागद परत.

"बाई, मजकूर तरी वाचा," असं कोणी म्हणालं तर म्हणायच्या, "मजकूर नंतर. आधी ओळींना उभं राहता येतंय का ते बघते."

बाई लग्नपत्रिकासुद्धा पट्टी लावून वाचतात, अशी आम्ही चेष्टा करायचो. पण हळूहळू आमचे डोळेही तसेच झाले. दुकानाची पाटी असो, एसटीचं वेळापत्रक असो, आधी डावी कड दिसायची.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी इंग्रजी टायपिंगला बसलो. सहा महिन्यांत परीक्षा पास झालो. बाई म्हणाल्या, "आता मराठी मशीन."

मला राग आला. इंग्रजी येतं म्हणजे मी पुढं गेलो, असं मला वाटत होतं. मराठी म्हणजे परत मागं जाणं.

"बाई, कंपनीत मराठीत कोण टाइप करतंय?"

"कंपनीच्या गेटवर नोटीस कोणत्या भाषेत लागते?"

"मराठीत."

"ती वाचतं कोण?"

"आमच्यासारखे लोक."

"मग तुमच्यासारख्यांसाठी टाइप करायला काय पुण्याहून माणूस आणायचा?"

दुसऱ्या दिवसापासून मी क्लासला जायचंच बंद केलं. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी बाईंनी वडिलांना बाजारात गाठलं आणि फक्त एवढंच विचारलं, "तुमच्या मुलाची तब्येत बरी आहे ना?" वडील घरी आले, माझी सायकल दारातून काढून रस्त्याकडे तोंड करून उभी केली आणि म्हणाले, "तब्येत बरी हाय का तुझी? मग जा." मी गेलो.

मराठी मशीनवर बसल्यावर बाई मला बाहेरचं कामही द्यायला लागल्या. शिरूरच्या कोर्टातले वकील कागद घेऊन यायचे, रांजणगावच्या कारखान्यांतून नोटिसा यायच्या. त्यातले बरेच कागद अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी असायचे. वर मराठी मजकूर, मधे इंग्रजीत यादी, खाली पुन्हा मराठी. म्हणजे कागद मराठी मशीनमधून काढायचा, इंग्रजीला लावायचा, यादी टाइप करायची, काढायचा आणि परत मराठीला लावायचा. माझे पहिले दोन-तीन कागद फुकट गेले. परत आणलेला कागद पहिल्या जागी बसायचाच नाही. मराठी मजकूर कधी आत सरकलेला, कधी बाहेर.

मी मशीनच्या पट्टीवरचा आकडा लिहून ठेवायला लागलो. मार्जिन दहावर, म्हणून दहावर. तरी चुकायचं, कारण दोन मशीनच्या आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. एकाचा दहा दुसऱ्याच्या बाराच्याही पुढं जायचा.

बाईंनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली. मजकूर जिथं थांबला होता, तिथं मराठी ओळींची कड जिथं येत होती बरोबर त्या जागी, कागदावर एक बारीक ठिपका दिला.

"मशीनचा आकडा मशीनपाशी राहतो. ठिपका कागदाबरोबर जातो. दुसऱ्या मशीनवर गेलास की आधी ठिपका शोध. जे काही आत-बाहेर करायचं ते ठिपक्यापासून मोजून कर. आणि इंग्रजी संपलं की परत ठिपक्याशी ये. ठिपक्याशी आला नाहीस तर मधे काहीतरी चुकलंय असं समज."

काम झालं की रबरानं ठिपका पुसायचा. वकिलांना तो कधी दिसला नाही.

पुढं मी बी.कॉम. झालो. पदवीचा कागद घेऊन पहिल्यांदा घरी गेलो आणि नंतर लगेच माडीवर. बाईंनी तो खिडकीकडे नेला नाही, एवढंच मला आठवतं. चष्मा काढून नुसता हातात धरून बसल्या. मग सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला, दोन वर्षं एका दुकानात टायपिंग केलं, आणि कुरकुंभच्या एका औषधाच्या कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटरची जागा निघाली. तीन महिने बघणार, मग कायम करायचं की नाही ते ठरवणार.

बाईंनी शिफारसपत्र टाइप करून दिलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: 'हा मुलगा नीटनेटका असून याचं मार्जिन कधीही चुकत नाही.' खाली सही करून त्या म्हणाल्या, "कायम झालास की पत्र टाक. तोवर टाकू नकोस. मला अर्धी बातमी आवडत नाही."

वडिलांचा धीर मात्र एवढा नव्हता. मी दौंडला खोली घेतली त्याच आठवड्यात त्यांनी आमच्या विहारासमोर, सगळ्या आळीदेखत सांगून टाकलं, "पोरगं कंपनीत पर्मनंट झालं." त्यामुळं तीन महिन्यांनी परत येण्याची सोय माझ्यासाठी उरली नव्हती.

सकाळी दौंडहून कंपनीची बस कुरकुंभला न्यायची. आमच्या सेक्शनचे साहेब दौंडचेच, रेल्वे कॉलनीत वाढलेले. आवाज मोठा, पण मनात काही ठेवायचे नाहीत. त्यांनी पहिल्या दिवशी मला सात फायली दाखवल्या. कारखान्यात कोणाची कोणती पाळी, कोणाची सुट्टी कधी, हे सगळं आता कॉम्प्युटरवर दिसत होतं आणि तिथूनच छापून गेटवर लागत होतं. पुण्याच्या एका इंजिनियरनं लिहिलेला तो प्रोग्राम, आणि त्याच्याच या सात फायली. तो दर पंधरा दिवसांनी यायचा.

"तू यात फक्त खात्यांची नावं आणि फोनचे नंबर बदलायचे," साहेब म्हणाले. "बाकी कशाला हात लावायचा नाही."

मी फाईल उघडली. एकही ओळ मार्जिनवर नव्हती. एक ओळ कडेला, तिच्या खालची चार घरं आत, तिच्या खालची आठ, मग बारा, मग एकदम परत बाहेर. एवढा पुण्याचा इंजिनियर, आणि कागद असा? बाईंनी हा खिडकीपर्यंतही नेला नसता.

हात लावायचा नाही, हे मला नीट कळलं होतं. पण मार्जिन सरळ करणं म्हणजे हात लावणं, असं मला वाटलंच नाही. मजकुरातलं एक अक्षरही मी बदलणार नव्हतो. जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून मी बसायचो. ओळीच्या सुरवातीला जायचं, रिकाम्या जागा खोडायच्या, खालच्या ओळीवर जायचं. सहा दिवसांत सातही फायली सरळ केल्या. शेवटच्या दिवशी कपाटातली स्टीलची पट्टी काढून पडद्याला उभी लावून बघितली. एक अक्षर आत नाही, एक बाहेर नाही. मला फार समाधान वाटलं. तीन महिन्यांच्या शेवटी हे साहेबांना दाखवायचं, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

प्रोग्राम पहिल्यासारखाच चालत होता. एवढी चूक होऊनही काही आवाज न होणं, हीच त्यातली मोठी फसवणूक होती.

गुरुवारी सकाळी सात वाजता बॉयलरवरचे आप्पा ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. आप्पा केडगावचे, पन्नाशी उलटलेले, कारखाना सुरू झाल्यापासून बॉयलरवर. हातात डबा, कपाळावर आठ्या.

"आरं, कोण हाय कॉम्प्युटरवर?"

"मी, आप्पा."

"तू व्हय? मला कोंबडं आरवायच्या आत उठवलंस. चार्टवर माझं नाव पहिल्या पाळीला. इथं येतो तर माझ्या जाग्यावर दुसराच गडी. त्यो म्हंतो, आप्पा, तुमी तर दुपारचे. आता सांग, म्या दुपारपातुर काय करू? तुज्या कॉम्प्युटरला वाफ देऊ?"

मागे उभे असलेले दोघं-तिघं हसले. साहेब आले, चार्ट बघितला, कॉम्प्युटर उघडला. बाकीच्या सगळ्या खात्यांचे तक्ते रेघांनी आखलेले होते, त्यांना काही झालं नव्हतं. बॉयलरचा तक्ता मात्र जुना होता आणि नुसत्या रिकाम्या जागांवर उभा होता. दुसऱ्या पाळीचं नाव मधल्या रांगेत यावं म्हणून त्याच्या आधी वीस-पंचवीस जागा मोकळ्या सोडलेल्या. मी त्या खोडल्या होत्या. दुसऱ्या पाळीचे सगळे सरकून पहिल्या पाळीत जाऊन बसले होते.

साहेबांनी बाकीच्या फायली उघडल्या. एक, दोन, तीन. थेट सातवीपर्यंत.

"हे कोणी केलं?"

"मी, साहेब. मार्जिन वाकडं होतं."

"मार्जिन!" साहेब खुर्चीत टेकले. "तुझ्या बाईंनी लिहिलंय, मार्जिन चुकत नाही. तेव्हा मला वाटलं, चांगला गुण आहे."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि ते दौंडच्या माणसालाच सुचावं असं होतं. "अरे, यार्डात डबे वेगवेगळ्या रुळांवर उभे असतात, म्हणून कोणती गाडी कुठली ते कळतं. तू सगळे डबे एका रुळावर आणून लावलेस. दिसतं छान. आता यातला सोलापूरचा कोणता आणि मनमाडचा कोणता, ते सांग."

म्हणजे असं, की एखादी ओळ आत सरकलेली असते ती हौसेनं नव्हे. वरच्या ओळीच्या पोटात ती आहे, हे त्यावरून कळतं. 'जर माणूस बॉयलरवरचा असेल तर' अशी एक ओळ. त्याच्याच बाबतीत जे करायचं, ते तिच्या आत. त्यातही आणखी एक 'जर' असेल तर ते आणखी आत. कॉम्प्युटरला त्याची गरज नव्हती, म्हणून प्रोग्राम चालत राहिला. गरज होती ती वाचणाऱ्या माणसाला, आणि तो माणूस सोमवारी पुण्याहून येणार होता. त्याला यात रजेचा भाग जोडायचा होता.

"जुनी प्रत?" मी विचारलं.

जुनी प्रत फ्लॉपीवर होती आणि ती फ्लॉपी उघडेना. इंजिनियरकडची प्रत त्याहून जुनी. मधले सगळे बदल इथंच बसून केलेले. साहेब म्हणाले, "सोमवारी तो आला आणि त्याला हे वाचता आलं नाही, तर मला तुला ठेवता येणार नाही. रागानं नाही सांगत. मी वर काय उत्तर देऊ?"

विहारासमोरची आळी माझ्या डोळ्यांपुढं आली. आणि बाईंची सही.

ज्यात या फायली उघडायच्या त्या आमच्या एडिटरमध्ये सगळ्या ओळी आपोआप जागेवर लावायची सोय होती. मला वाटलं, हे तर एका बटणाचं काम. बटण दाबलं आणि फाईल होती त्यापेक्षा भयंकर झाली. कारण त्या प्रत्येक फायलीत तीन भाषा एकत्र नांदत होत्या. एक एचटीएमएल, पानाचा सांगाडा उभा करणारी. तिच्या मधे मधे तुकड्यातुकड्यांनी पीएचपी, सर्व्हरवरून माहिती शोधून आणणारी. आणि कुठं कुठं जावास्क्रिप्ट, समोरच्या पडद्यावर हालचाल करणारी. एडिटरला एका वेळी एकच भाषा कळायची. त्याला सांगितलं ही एचटीएमएल आहे, की तो पीएचपीच्या ओळी कुठंतरी फेकून द्यायचा. सांगितलं पीएचपी आहे, की एचटीएमएलचे टॅग म्हणजे त्याला कचरा. काही ओळी सरकत सरकत पडद्याच्या उजव्या कडेबाहेर गेल्या. तुकडा संपून परत बाहेरच्या भाषेत आलं तरी ओळी परत यायच्या नाहीत. जिथं भरकटल्या तिथूनच पुढं चालू. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मी हातानं लावून बघितलं. दोनशे ओळींनंतर माझाच गोंधळ व्हायचा, की आपण आता कोणाच्या पोटात आहोत.

आप्पा येता-जाता दारातून डोकवायचे. "काय, सरळ झालं का वाकडं?"

"वाकडंच करायचंय, आप्पा. ते होईना."

"आयला! आमची पोरं सांगावं न लागता वाकडी होत्यात."

शनिवारी दुपारी साहेबांनी एक कागद दिला. बॉयलरचा पुढच्या आठवड्याचा चार्ट वेगळा लागेल, अशी नोटीस गेटवर लावायची होती. वर मराठीत कामगारांसाठी, खाली इंग्रजीत वरच्या साहेबांसाठी, आणि शेवटी पुन्हा मराठीत एक सूचना. कॉम्प्युटरवर मराठी अजून बसवलेलं नव्हतं. कोपऱ्यात दोन जुनी मशीनं झाकून ठेवलेली होती. मी मराठीवरचं कापड काढलं आणि वरचा मजकूर टाइप केला. इतक्या दिवसांनी मराठी मशीनवर हात बसला, बरं वाटलं. मग कागद काढायच्या आधी, काही विचार न करता, मी खिशातली पेन्सिल काढली आणि कडेला ठिपका दिला.

इंग्रजी मशीनला कागद लावला, ठिपका शोधला, तिथून पाच घरं मोजून आत शिरलो, मजकूर संपवला, परत ठिपक्याशी आलो. कागद काढला. पुन्हा मराठी मशीन, पुन्हा ठिपका.

आणि तिथंच थांबलो. रोलर अर्धा फिरवलेला, हात तसाच मुठीवर.

साहेबांनी वर बघितलं. "काय झालं?"

"साहेब, उद्या रविवार आहे. मी आलो तर चालेल?"

रविवारी मी सकाळच्या पाळीच्या बसनं आलो. आधी सातही फायली लांबलचक कागदावर छापून घेतल्या आणि टेबलावर पसरल्या. जिथं जिथं एक भाषा सुटून दुसरी सुरू होत होती, तिथं पेन्सिलीचा ठिपका. जिथं ती संपून पहिली परत येत होती, तिथंही ठिपका. मग कॉम्प्युटरवर, आधी पीएचपी आणि जावास्क्रिप्टचे सगळे तुकडे उचलून बाजूला ठेवले आणि त्यांच्या जागी एकेक ओळ खुणेची सोडली. राहिली नुसती एचटीएमएल. आता बटण दाबलं, तर एडिटरनं शहाण्यासारखं काम केलं, कारण समोर एकच भाषा होती. प्रत्येक खुणेची ओळ कडेपासून किती घरं आत आली ते मी छापील कागदावर त्या त्या ठिपक्याशेजारी लिहिलं.

मग एकेक तुकडा घेतला, वेगळ्या कोऱ्या फायलीत ठेवला, एडिटरला त्याची भाषा सांगितली आणि बटण दाबलं. हे माझं दुसरं मशीन. तुकडा नीट झाला की तो सगळाच्या सगळा ठिपक्याइतका आत सरकवायचा आणि परत आपल्या जागी आणून ठेवायचा. बॉयलरच्या तक्त्याला मात्र एडिटरचा हात लागू दिला नाही. जुना छापील चार्ट शेजारी ठेवून त्यातल्या मोकळ्या जागा मी बोटानं मोजून मोजून भरल्या.

दुपारपर्यंत चार फायली झाल्या. पाचवी सुट्ट्यांची होती. तिच्यातला एक तुकडा दुसरीकडे नीट लागला, पण संपताना कडेला येईना. एक पायरी आतच थांबत होता, आणि पुढं दुसऱ्याच तुकड्यात एक कंस, म्हणजे 'जर'चं पोट मिटवणारी खूण, बंद होत होता, जो तिथं बंद व्हायचं काही कारण नव्हतं. माझ्या मनात पहिला विचार आला, आपणच चुकलो. तीन वेळा केलं. तीन वेळा तसंच. ठिपक्याशी आला नाहीस तर मधे काहीतरी चुकलंय असं समज.

मी त्या ओळी सावकाश वाचल्या. महिन्याच्या शेवटच्या आठवड्याची सुट्टी दाखवायचं काम दुसऱ्याच एका 'जर'च्या पोटात जाऊन पडलं होतं. ज्याचा महिना तिसऱ्या पाळीवर संपतो, त्याला त्या आठवड्याची सुट्टी चार्टवर दिसायचीच नाही.

आणि मला आप्पा आठवले. अधूनमधून ते तक्रार करायचे, असं ऑफिसात ऐकलं होतं, "माझी सुट्टी चार्टवर न्हाई." सगळे म्हणायचे, आप्पांना चष्मा लागलाय.

मी ते दुरुस्त केलं नाही. एकदा हात लावून झालं होतं. नुसता कागदावर जाड ठिपका देऊन ठेवला.

सोमवारी पुण्याचा इंजिनियर आला. माझ्याच वयाचा, चष्मेवाला, घाईत. साहेबांनी त्याला आधीच सगळं सांगितलं होतं, त्यामुळं तो माझ्याकडे बघून हसला, पण हसण्यात काही चांगलं नव्हतं. त्यानं पहिली फाईल उघडली. खाली खाली जात राहिला. दुसरी उघडली. मी उभाच होतो.

"हे कुठल्या एडिटरनं केलं?" त्यानं विचारलं.

"यानंच."

"याच्यानं होत नाही. मी करून बघितलंय. मिक्स फाईल याला झेपत नाही. मी तर हातानं लावायचो, आणि अर्ध्यात कंटाळायचो."

मी त्याला छापील कागद दाखवले. ठिपके, आकडे, रेघा. तो ते बघत राहिला, मग म्हणाला, "हे कोणी शिकवलं?"

"टायपिंगच्या बाईंनी."

साहेब खो-खो हसले. मी पाचव्या फायलीतला जाड ठिपका दाखवला. इंजिनियरनं त्या ओळी वाचल्या आणि त्याचे कान लाल झाले. दोन मिनिटांत त्यानं कंस जागेवर नेला आणि महिन्याचा शेवटचा आठवडा छापून काढला. आप्पांची सुट्टी होती.

आप्पांना बोलावून घेतलं. त्यांनी चार्ट हातभर लांब धरून वाचला. "व्हय की! हाय की! म्हंजी इतकं दिस म्या आंधळा न्हवतो."

"नव्हता, आप्पा," साहेब म्हणाले.

"मग साहेब, या पोराला घालवू नका. त्यानं मला एक दिस लवकर उठवलं, पर माझी सुट्टी हुडकून दिली. फिट्टंफाट."

साहेबांनी हसून आप्पांना बॉयलरवर पिटाळलं. तीन महिने पुरे झाले त्या शनिवारी त्यांनी पाकीट हातात ठेवलं. मी ते बसमध्ये उघडलं, आणि दुसऱ्या दिवशी, वडिलांनी तीन महिने आधीच सांगून टाकलेली बातमी खरी झाल्यावर, बाईंना पत्र लिहायला बसलो. ते पत्र आज माझ्याकडे आहे, कारण बाईंनी ते तपासून परत पाठवलं. शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या होत्या, त्या मी इथं सुधारून घेतल्या आहेत.

दौंड, रविवार

बाई,

तुम्ही सांगितलं होतं म्हणून तीन महिने पत्र टाकलं नाही. आज टाकतो आहे. यावरूनच तुम्हाला कळलं असेल, तरी लिहितो: मी कायम झालो.

मधे नोकरी जायची वेळ आली होती, आणि ती तुमच्या शिकवण्यामुळंच आली होती. इथल्या फायलींचं मार्जिन वाकडं असतं ते मुद्दाम असतं, हे मला माहीत नव्हतं. मी सगळं पट्टी लावून सरळ केलं. साहेब फार चिडले. मग ते परत जागेवर लावायला कोणाच्यानं होईना. एका पानात तीन भाषा होत्या, आणि इथल्या कॉम्प्युटरला एका वेळी एकच येत होती. शेवटी मी तुमचा ठिपका वापरला. एक भाषा काढून ठेवायची, ठिपका द्यायचा, दुसरीत जाऊन यायचं, परत ठिपक्याशी यायचं. पुण्याच्या इंजिनियरनं ते कागद मागून नेले.

एक जागा ठिपक्याशी येत नव्हती. तुम्ही म्हणाला होतात तशी तिथं चूक निघाली. त्यामुळं बॉयलरवरच्या एका आप्पांना त्यांची सुट्टी मिळाली.

मी मराठी मशीन नको म्हणून आठ दिवस आलो नव्हतो, त्याबद्दल तुमची कधी क्षमा मागितली नाही. तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून माझंही राहून गेलं. एकच मशीन शिकलो असतो तर कागद कधी काढावाच लागला नसता, ठिपकाही द्यावा लागला नसता, आणि आज मी शिरूरला परत आलेलो असतो. ती क्षमा आता मागतो.

या आप्पांची पुतणी शिरूरला मामाकडे राहते. तिला टायपिंगला घालायचं आहे. तुमच्याकडेच पाठवा, असं मी सांगितलं आहे. ती फक्त इंग्रजी म्हणेल. तिला दोन्ही मशीनवर बसवा. यायची बंद झाली तर आठ दिवस थांबा आणि मामाला बाजारात गाठा. ते भाजी घ्यायला रोज येतात.

पुढच्या शनिवारी येतो. न्हावऱ्याच्या गाडीनं, चारपर्यंत पोचेन. क्लास चालू ठेवा, आधी माडीवरच येतो.

तुमचा,
दुसऱ्या मराठी मशीनवरचा

ता. क. हे हातानं लिहिलं आहे, त्यामुळं डावी कड खाली खाली आत गेली आहे. मला दिसते आहे. पट्टी काढू नका.